बालविवाह रोखताना हमीपत्रावर थांबू नका

बालविवाहाची खबर लागली की १०९८ या बाल मदत क्रमांकावर कळवा. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. वयासाठी आधार कार्डावर विसंबू नका, शाळेचा किंवा जन्माचा दाखला मिळवा.

घोळ पुढे होतो. आईवडिलांकडून ‘लग्न लावणार नाही’ असं हमीपत्र घेऊन सगळे परततात आणि दुसऱ्या गावी गुपचूप अक्षता पडतात. म्हणून २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम घ्याच. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हुकूम नसेल तर सहसा लग्न आपोआप रद्द होत नाही, आणि मुलींना हे कुणी सांगतच नाही! तिलाच जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, तोही वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी. पुनर्विवाहापर्यंतची पोटगी आणि राहण्याची सोय त्याच अर्जात मागावी.