कीबोर्डाची टिकली

इंग्रजी एफ आणि जे या दोन बटणांवर कारखान्यातूनच बारीक उंचवटा येतो. आकड्यांच्या भागात तो ५ वर असतो. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट या बटणमांडणीत एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, जे म्हणजे र, आणि मराठीवरून कन्नडवर गेलं तरी दोघं जागच्या जागी. बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून वाद होत राहोत, बोटांपुरता तो केव्हाच मिटलाय.

बाकीची बटणं मात्र मुकी. दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल, तर एस्केप, डिलीट, वरचा बाण ही मंडळी हाताला लागता लागत नाहीत. त्यांच्यासाठी खडे बाजारातून टिकल्यांचं एक पाकीट आणा की! टिकली खड्याचीच घ्यावी. मखमली बोटाला कळत नाही आणि लवकर मळते. अर्थात टिकलीचा गोंद कपाळावरून सहज निघावा असाच केलेला, त्यामुळे घामट बोटांखाली ती हळूहळू सरकते. म्हणून टिकली फक्त जागा ठरवायला. आठ दिवसांत कुठली खूण खरंच कामाची ते कळतं. सहा-सात पुष्कळ झाल्या. प्रत्येक बटणावर ठिपका दिला तर बोट पुन्हा आंधळंच.

जागा ठरली की कापडावर नक्षी काढायचा थ्रीडी रंग. कीबोर्डाची वायर काढून बटण स्पिरिटनं पुसायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं. नळी उभी धरून जोंधळ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा थेंब बटणाच्या खालच्या कडेला सोडायचा. नळी उचलताना शेपटी राहते, ती ओल्या टाचणीनं बसवायची. मग कीबोर्ड रात्रभर आडवा. इथल्या पावसाळ्यात दोन रात्री. वरून साय धरलेली असते, आत ओलं. घाईत दाबलं की ठिपक्याची पोळी.

नेलपॉलिश घरातच मिळतं, पण वाळताना बसतं, तीन-चार थर द्यावे लागतात. फेविक्विक नकोच: फटीत उतरलं की बटण कायमचं चिकटलं. एंटरसारख्या मोठ्या बटणावर एम-सीलची आडवी रेघ छान टिकते. आधी पॉलिश पेपरनं जरा घासायचं, नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकवरून ती अख्खी सुटून येते.

लॅपटॉपवर हे सगळं जपून. झाकण मिटल्यावर स्क्रीन आणि बटणांमध्ये जेमतेम जागा उरते. मध्ये साधा कागद घालून झाकण लावायचं आणि कागद ओढायचा. अडकला, तर ठिपका ब्लेडनं तासायचा.