पळायचं कशाला, सरळ पैसे मागायचे!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी या प्रश्नावर मी हसून विषय बदलते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगला, भाजी घेताना, कुठेही विचारतात. "मावसभावाच्या उपचारांसाठी पैसे हवे होते ना? मग सरळ मागायचे. बेचाळीस किलोमीटर पळून काय मिळवलंस?"

सरळ मागितले होते की. पहिल्यांदा मिळालेही.

मावसभाऊ निफाड तालुक्यात राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर कांद्याच्या चाळीवर चढला, पत्रे बदलायला. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि तो खाली पाठीवर आदळला. पाठीचा बारावा मणका चेपला. शेजाऱ्यांनी हातपाय धरून उचलला, पिकअपमध्ये घातला आणि नाशिकला आणला. (पाठीला किंवा मानेला मार लागल्याची शंका असेल तर माणसाला असं उचलायचं नसतं. मान आणि पाठ एका रेषेत धरून, चौघांनी मिळून फळीवर घ्यायचं असतं. त्याने आमच्या बाबतीत किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.)

ऑपरेशनचे पैसे बघता बघता जमले. भावकी आली, आडते आले, द्राक्षवाले आले, माझ्या ऑफिसातल्यांनी पाकीट दिलं. आपल्याकडे दवाखान्यात भेटायला जाणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने जात नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ऑपरेशन "सक्सेस" झालं म्हटल्यावर पाकिटं थांबली. आणि खरा खर्च तिथून पुढे होता.

ऑपरेशनने मणका रॉड आणि स्क्रू घालून जागेवर बसतो. आतल्या मज्जारज्जूला झालेली इजा त्याने भरून येत नाही. त्याला कमरेखाली स्पर्श थोडाफार कळत होता, हालचाल मात्र नव्हती. पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं त्यातलं बरंचसं याच काळात येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. किती येईल ते सांगितलं नाही, कारण ते सांगता येत नाही.

या काळात माणूस करतो काय? दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर बेडसोअर होतो, आणि जिथे नीट कळतच नाही तिथली जखम हाडापर्यंत गेली तरी दुखत नाही. लघवी होत नाही किंवा आवरत नाही, म्हणून चार ते सहा तासांनी नळी घालायची, आणि ती आपली आपण घालायला शिकायची. खूप दिवस आडवं राहिलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून टिल्ट टेबलवर, म्हणजे हळूहळू उभ्या करता येणाऱ्या फळीवर, पट्ट्यांनी बांधून आज थोडं, उद्या आणखी थोडं, असं उभं करतात. खुर्चीत बसला की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर. त्यानंतर समांतर दांडे, कॅलिपर (पायाला बांधायचा ताठ आधार), वॉकर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अशी माणसं बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत दगावायची, तीसुद्धा बेडसोअरने आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन या डॉक्टरांनी असल्या रुग्णांचा खास विभाग सुरू केला. त्यांच्या यशाचा पाया म्हणजे याच कंटाळवाण्या गोष्टी: कूस बदला, लघवी सांभाळा, हात मजबूत करा, माणसाला कामाला लावा.

तर मी पुन्हा मेसेज टाकला. फिजिओथेरपी, एअर मॅट्रेस, नळ्या, माणूस ठेवायचा पगार, सगळं लिहिलं. उत्तर म्हणून जवळजवळ प्रत्येकाचा एकच प्रश्न आला: "चालेल ना पण तो?"

इथेच मी अडकले. "हो, चालेल" म्हटलं असतं तर पैसे आले असते. लोकांना माणूस उभा करायला पैसे द्यायचे असतात, त्याच्या नळ्यांना नाही. त्यांना दोष देत नाही, मलाही तसंच वाटलं असतं. पण डॉक्टरांनी न दिलेला शब्द मी कुठून देणार? आणि सहा महिन्यांनी तो खुर्चीतच दिसला असता, तर देणाऱ्यांना आपण फसलो असं वाटलं असतं, आणि त्यालाही आपण नापास झालो असं.

एक काका त्याला दर भेटीत मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण द्यायचे. उदाहरण खरंच मोठं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला सांगली जिल्ह्यातला जवान, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक! पण एके दिवशी हा वैतागून म्हणाला, "काका, मला ऑलिंपिकला नाही जायचं. मला संडासला एकट्याला जाता आलं पायजे." काका गप्प. मला मात्र त्या वाक्याने सगळा हिशेब कळला.

मी आधीपासून पळत होतेच, गंगापूर रोडवरून सोमेश्वरपर्यंत, सकाळच्या ग्रुपबरोबर. म्हटलं, त्याच्या चालण्याची हमी मी देऊ शकत नाही, पण माझ्या पळण्याची देऊ शकते. मुंबई मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, किलोमीटरमागे तुम्हाला जमेल तेवढं द्या. चालत गेले तरी किलोमीटर धरायचा, अर्धवट सोडलं तर तिथवरचेच पैसे. यात "चालेल ना?" हा प्रश्नच उरला नाही. लोक विचारू लागले, "तू पोचशील ना?" त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं.

किलोमीटरला पाच रुपये, दहा रुपये असे आकडे यायला लागले. गणिताच्या एका निवृत्त सरांनी दहाच्या दराने बरोबर ४२१ रुपये ९५ पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, "४२२ हवे असतील तर पाच मीटर जास्त पळ." एका कारखानदारांनी विचारलं, ८०-जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल का? नाही मिळत. ती सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. मुंबई मॅरेथॉनमधून जो अधिकृत निधी उभा राहतो तोही संस्थांसाठीच, एकट्यादुकट्या पेशंटसाठी नाही. माझा स्पर्धेतला नंबर साधाच होता आणि हा गोळा करायचा उद्योग माझा खाजगी. सीएने आणखी एक सांगितलं ते तुमच्या उपयोगाचं आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला मिळून ५०,००० रुपयांच्या वर रक्कम एखाद्याच्या खात्यात आली, तर ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून पैसे त्याच्या खात्यात घेतलेच नाहीत. ज्याने त्याने थेट पुनर्वसन केंद्रात भरायचे आणि पावती मला पाठवायची.

दर रविवारी मी ग्रुपवर दोन ओळी टाकायचे. एक माझी, एक त्याची. "आज त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत, येताना एसटी. तो पलंगावरून खुर्चीत एकटा बसला." ऑपरेशनच्या वेळी आलेली माणसं या दोन ओळींमुळे टिकून राहिली. अपघात दोन दिवस लक्षात राहतो, सराव महिनोन्‌महिने चालतो. पळण्याचा खरा फायदा कुठला म्हणाल तर हा, रविवार दर आठवड्याला येतो.

सरावाचं कौतुक सांगत बसत नाही. नाशिकमध्ये बाई पळताना दिसली की टपरीवरून "कविता राऊत चालली" असं कुणीतरी ओरडतंच. सावरपाड्याच्या कविताने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं. मी तिच्या निम्म्या वेगानेही पळत नाही, पण टपरीवाल्यांना काय त्याचं. मुंबईतही विशेष काही घडलं नाही. नाशिकच्या थंडीतून उठून त्या दमट हवेत गेले, परतीच्या पेडर रोडच्या चढावर चक्क चालले, आणि पोचले.

नंतर एकाने स्टेटसला टाकलं, "ती धावली, तिच्या पायांनी तो धावला." मावसभावाला मुळीच आवडलं नाही. मला म्हणाला, "ताई, माझे पाय माझ्यापाशीच आहेत. रात्री जळतात तेव्हा चांगले समजतात." मज्जारज्जूच्या इजेनंतर अशी आग बऱ्याच जणांना होते, पाय हलत नसले तरी. तेव्हापासून असलं काही कुणी लिहिलं की मी काढून टाकायला सांगते.

आता तुमचा पुढचा प्रश्न, गेले कुठे पैसे? निम्म्याहून जास्त फिजिओथेरपीत गेले. कॅलिपर झाले, अंगणात वॉकर धरून चार-सहा फेऱ्या मारतो, बाकी सगळं खुर्चीवर. पिंपळगावला एका खताच्या दुकानात हिशेब लिहायला जातो. उरलेल्यातून घरची न्हाणी-संडास मोडून नवीन केली: दार खुर्ची जाईल एवढं रुंद, उंबरा काढलेला, कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे, फरशी न घसरणारी. आतून कडी लावून तो एकटा जातो. त्यासाठी सरळ पैसे मागितले असते तर किती जणांनी दिले असते, तुम्हीच सांगा. किलोमीटरच्या पैशांत मात्र कुणी विचारलं नाही, कितव्या किलोमीटरचा संडास झाला.

पावत्या सगळ्या माझ्याकडे फाइलला आहेत, फरशीची आणि दांड्यांची धरून. नळ्यांचा खर्च आता तो पगारातून करतो.