मक्ता, मक्तेदारी आणि मिरासदारी

माझ्या वडिलांच्या जुन्या कागदांत आठवडी बाजाराची एक पिवळी पडलेली पावती सापडली. तिच्या तळाशी ‘मक्तेदाराची सही’ असे छापलेले होते. हा मक्तेदार म्हणजे बाजारपट्टी वसूल करण्याचा हक्क लिलावात बोली लावून, ठरावीक रक्कम भरून आणि ठरावीक मुदतीपुरता घेणारा माणूस. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेल्या ‘मक्ता’ या शब्दात मोबदला आणि मुदत या दोन्ही मर्यादा होत्या, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात.

आजच्या ‘मक्तेदारी’त मात्र त्या उरलेल्या नाहीत. एखाद्या व्यवसायावर दुसऱ्या कोणालाही शिरकाव करू न देता ठेवलेला ताबा, असा तिचा अर्थ रूढ झाला असून, ती मोडीत काढायची असते हेही वापरातच गृहीत धरलेले असते. ‘शहाणपणाचा मक्ता तू एकट्यानेच घेतला आहेस का?’ या घरगुती प्रश्नातही तोच राग आहे.

‘एकाधिकार’ हा शब्द तुलनेने थंड आणि कायद्याच्या भाषेतला. १९७२ साली सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेला तोच शोभला, कारण तिथे एकमेव खरेदीदार स्वतः शासन होते. ‘मिरासदारी’ आणखी वेगळी. तिच्या मुळाशी वारसा आहे, म्हणून संगीतावर किंवा विद्येवर पिढीजात हक्क सांगणाऱ्यांविषयी लिहिताना मी ‘मक्तेदारी’ टाळून हाच शब्द वापरतो.