मागच्या चाकाची साखळी

शनिवार, 19 जुलै. रात्री साडेदहा.

सकाळपासून पावसानं उसंत म्हणून घेतली नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच. आणि अशा हवेत भाचीनं सिनॅमन रोलचं पीठ मळून फ्रिजमध्ये ठेवलंय. आत्ताच जाऊन बघून आले. डब्याचं झाकण थोडं वर उचललं गेलंय, म्हणजे यीस्ट जिवंत आहे. बरं वाटलं.

गेल्या रविवारचे फसले होते. तिनं दालचिनीची पूड थेट मैद्यात मिसळली होती, वास छान यावा म्हणून. अडीच तास वाट पाहिली तरी गोळा होता तेवढाच. बिचारी रडवेली झाली. मग आम्ही दोघींनी शोधलं तेव्हा कळलं की दालचिनीला जो वास असतो तो सिनामाल्डिहाइडचा, आणि तेच यीस्टला वाढू देत नाही. म्हणून दालचिनी सारणात घालायची, पिठात नाही. एवढी साधी गोष्ट, पण कारण कळल्यावर तिचा चेहरा असा खुलला की त्या फुकट गेलेल्या मैद्याचं मला काही वाटलं नाही.

ही ताईची मुलगी. ताई निपाणीला असते, पोरगी पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी आजोळी, म्हणजे आमच्याकडे. पुढच्या महिन्यात सतरा पूर्ण होतील. गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या कपाटात तिला 'ट्वायलाइट' सापडलं. काळं कव्हर, दोन हातांच्या ओंजळीत लाल सफरचंद. तेव्हापासून जेवताना, झोपताना, चहा गाळताना पुस्तक हातातच. आणि मधेच ओरडते, "मावशी, हे तू लिहिलंयस?"

मीच लिहिलंय. पानापानावर पेन्सिलीनं मराठी अर्थ. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, घराबाहेर पडलं की कानडी, आणि कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीतून. अथपासून इतिपर्यंत वाचलेली माझी पहिली इंग्रजी कादंबरी ही. 'चॅग्रिन' हा शब्द या पुस्तकात सारखा येतो. मी पहिल्यांदा लिहिलंय 'दुःख', मग ते खोडून 'खजील होणे', आणि आणखी शंभरेक पानांनंतर नुसतं 'ओशाळली'. तो तिसरा शब्द डिक्शनरीतला नव्हता, तो माझा मला सापडला होता. परवा ते पाहिलं आणि कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले.

पहिल्या कोऱ्या पानावर बाबांचं अक्षर आहे. 'चि. बाळीस, सतराव्या वाढदिवसानिमित्त.' 2009 साल. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते. कामासाठी पुण्याला गेले तेव्हा तिथून आणलं. पुस्तक रक्तपिपासू लोकांचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "सफरचंद दिसलं, म्हटलं चांगलंच असणार," एवढंच म्हणाले होते.

रविवार, 20 जुलै. रात्री.

आज खूप लिहायचंय.

सकाळी रविवार पेठेत जाऊन दालचिनी आणली. आईच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी जाड असते, झाडाच्या सालीसारखी. मिक्सरमध्ये ती फिरता फिरत नाही आणि राहिलेले कण दाताखाली वाळूसारखे येतात. ती खरं तर कॅसिया, दालचिनीच्या नात्यातल्या दुसऱ्या झाडाची साल. दुकानदारानं आतून दुसरी बरणी काढली. पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली, विडीसारखी. बोटांत धरून दाबली तर नुसत्या दाबानं चुरा झाला. वास तिखट नव्हता, गोडसर. खऱ्या दालचिनीची झाडं आपल्या कोकणातही लावतात, घाट उतरून गेलं की. पैसे दुपटीच्या वर गेले, पण घेतली.

पिठाचं प्रमाण लिहून ठेवते, पुन्हा शोधायला नको. 350 ग्रॅम मैदा, 200 मिली कोमट दूध, 50 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम लोणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर मीठ. दूध बोटाला ऊन लागेल इतकंच, चटका बसला तर यीस्ट मेलं. सारणाला ब्राउन शुगरऐवजी गुळाची पूड घेतली. गुळाला पाणी सुटतं, म्हणून त्यात चमचाभर मैदा टाकला. हे मात्र आईनं सांगितलं. पुरणपोळीचं पुरण सैल झालं की ती काय करते, तेच.

आई आधी नाखूश होती. "आषाढ संपत आला. कापण्या तळायच्या सोडून हे काय भाजत बसायलीस गं?" पण भाचीनं पोळी लाटली, त्यावर लोणी फासलं, गूळ-दालचिनी पसरली आणि कडेपासून घट्ट गुंडाळायला घेतलं तशी आई उठून ओट्याशी आली. "अगं, ही तर अळुवडीच की!" म्हणाली आणि गुंडाळीचा ताबाच घेतला. सुरी नको म्हणाली, सुरीनं दबून चपटं होतं. फुलांच्या गजऱ्याचा पांढरा दोरा घेतला, गुंडाळीखालून सरकवला, वर आणून दोन्ही टोकं उलटसुलट ओढली. टक्कन तुकडा पडला. आतली चकली जशीच्या तशी, गुळाची रेघ कुठं मोडली नाही. आठ तुकडे. गोल डब्यात बसवले आणि बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या तांब्याशेजारी फुगायला ठेवले. या गारठ्यात पाऊण तासाच्या जागी दीड तास लागला.

180 अंशांवर लावले. बारा मिनिटं झाली, घरभर वास सुटला, आणि लाइट गेली.

पावसात हे काही नवीन नाही. पण आजचं लागलं. पोरगी ओव्हनच्या काचेला कपाळ लावून बसली. पुन्हा गेल्या रविवारसारखं होणार असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आईनं एक शब्द बोलला नाही. संक्रांतीला तिळगुळाचं मोठं पातेलं काढते ते काढलं, तळाला अर्धा किलो मीठ पसरलं, वर वाटी उपडी ठेवली, खाली गॅस मोठा करून पातेलं चांगलं तापवलं आणि मग डबा आत ठेवून झाकण लावलं. नानकटाई ती अशीच भाजायची, ओव्हन घरात यायच्या आधी. झाकणावर जड म्हणून खलबत्ता. "पंधरा मिनिटं हात लावायचा नाही," म्हणाली.

मग अंधारात आम्ही चौघं स्वयंपाकघरातच बसलो. बाबा खुर्चीवर, आम्ही खाली. बाबांनी विचारलं, "त्या पुस्तकात एवढं आहे तरी काय गं?" आणि मोबाइलच्या उजेडात भाची सांगायला लागली. सांगते कसली, वाचत होती आणि मराठीत करत होती. बेला नावाची मुलगी फीनिक्सचं ऊन सोडून वडिलांकडे फोर्क्सला राहायला येते, वॉशिंग्टन राज्यात, जिथं सूर्य दिसत नाही आणि पाऊस थांबत नाही. "म्हणजे कणकुंबी म्हण की," बाबा म्हणाले. लेखिकेनं, स्टेफनी मेयरनं, अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठं पडतो ते शोधून हे गाव निवडलं होतं. लिहीपर्यंत ते पाहिलंही नव्हतं. कारण यातले रक्तपिपासू उन्हात जळत नाहीत, चमकतात. म्हणून त्यांना ढगाळ गाव हवं. आणि बेला ज्याच्या प्रेमात पडते त्या एडवर्डच्या घरचे माणसाचं रक्त पीत नाहीत, जनावराचं पितात आणि स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवतात. इथं आईनं हात जोडले.

"आणि तो पोरगा?" बाबा.

"तो सतरा वर्षांचाच आहे आबा. कायमचा. 1918 मध्ये शिकागोत स्पॅनिश फ्लू झाला. आईवडील गेले, हाही जाणार होता, तेव्हा डॉक्टरनं त्याला आपल्यासारखा करून घेतला."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. "1918 ला म्हणजे मानमोडी," म्हणाले.

मला अंगावर काटा आला. मी हे पुस्तक किती वेळा वाचलं असेल, स्पॅनिश फ्लू हे शब्द किती वेळा डोळ्यांखालून गेले असतील, आणि मानमोडी हा शब्द घरात किती वेळा ऐकला असेल. दोन्ही एकच, हे कधी जुळलंच नाही. पेन्सिलीनं त्या ओळीवर मी लिहिलं होतं, 'एक प्रकारचा ताप'.

बाबांनी मग सांगितलं. लढाईवरून परतणाऱ्या बोटींबरोबर ताप मुंबईत उतरला आणि पावसाळा सरता सरता सगळ्या मुंबई इलाख्यात पसरला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि म्हातारी माणसं राहून तरणीताठी जास्त गेली. बाबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ त्यात गेला. सतरा-अठराचा होता. फोटो नाही, काही नाही. बाबांची आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. त्याला शेवटचं पाणी तिनं पाजलं. ती पुढं ऐंशी वर्षांची होऊन गेली. दात पडले, दिसेना झालं, नातवंडांची लग्नं लागली, तरी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायची आणि म्हणायची, "धाकल्या भाऊजींना खीर वाढा, त्यांना भूक लागते, वाढतं वय आहे."

भाचीनं पुस्तक मिटलं. मोबाइलचा उजेड तसाच छताकडे.

सतराव्या वर्षी मी हे पुस्तक एडवर्डसाठी वाचलं होतं, खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय मला काही दिसलंच नव्हतं. या आठवड्यात भाचीच्या मागोमाग पुन्हा वाचतेय तर मी सारखी अडते ती चार्लीपाशी. चार्ली म्हणजे बेलाचा बाप. पोलीस अधिकारी, कमी बोलणारा. स्वयंपाक येत नाही. लेक येणार म्हणून तिच्यासाठी एक जुना लाल ट्रक घेऊन ठेवतो. एका सकाळी रस्त्यावर बर्फ गोठतं. बेला भीत भीत गाडी चालवत शाळेत पोहोचते, आणि उतरल्यावर तिला कळतं की आपण घसरलो कसे नाही. चाकांना साखळ्या आहेत. बापानं कुणास ठाऊक किती पहाटे उठून बांधल्या, आणि सांगितलंही नाही. तिचा गळा दाटून येतो. त्याच क्षणी एक व्हॅन घसरत तिच्या अंगावर येते आणि एडवर्ड तिला वाचवतो, म्हणून सगळ्यांना तेवढंच लक्षात राहतं. माझ्या पुस्तकात त्या पानावर व्हॅनच्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघाच रेघा आहेत. साखळीच्या ओळीखाली काही नाही.

मी कॉलेजला स्कूटीनं जायचे. बाबा सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा यायचे आणि तरी सकाळी मी उठायच्या आत गाडी ओसरीत आलेली असायची, सीट पुसून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, एकदा किक मारून बंद केलेली, म्हणजे मला त्रास नको. त्याच वर्षी जुलैत आरपीडी कॉर्नरला समोर अचानक म्हैस आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आपल्याला गाडी किती छान येते. चार-पाच दिवसांनी पंक्चर काढायला गेले तेव्हा मागच्या टायरवर रबराचे ते बारीक केस दिसले, नव्या टायरवर असतात तसे, कडेचे अजून न झिजलेले. टायर कधी बदलला, मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी काही बोलले नाही. का बोलले नाही, कोण जाणे. आज सोळा वर्षांनी अंधारात ते सगळं घशाशी आलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही स्कूटीचा मागचा टायर बदलला होता ना, मी पीयूसीला असताना?"

"गुळगुळीत झाला होता की गं," ते म्हणाले.

आईनं झाकण काढलं. वाफ, गूळ, दालचिनी. कडा थोड्या जास्त लाल झाल्या होत्या, मधले दोन अगदी मऊ. खाली गुळाचा पाक धरला होता तो उलथन्यानं खरवडून भाचीनं आधी स्वतःच खाल्ला. बाबांनी रोल ताटलीत घेतला आणि चावा न घेता बाहेरच्या टोकापासून उलगडत गेले, एकेक वेढा काढून खात, अगदी मधल्या गाठीपर्यंत. "मधलं सगळ्यात चांगलंय," म्हणाले. ते त्यांनी भाचीच्या ताटलीत ठेवलं.

लाइट नऊ वाजता आली.

सोमवार, 21 जुलै. सकाळी.

पावसाला थोडी उघडीप. उरलेले तीन रोल आईनं स्टीलच्या डब्यात भरून भाचीला दिले. मैत्रिणींनाही मिळतील. ती निघताना बाबा ओसरीत गाडीपाशी फडकं घेऊन उभे होते.

"ते काल राहिलंच," बाबा तिला म्हणाले. "त्या पोलिसानं साखळ्या कुठल्या चाकांना बांधल्या? चारी, का मागच्या?"

तिनं रेनकोट घालता घालता दप्तरातून पुस्तक काढलं, पान शोधलं, ओठ हलवत वाचलं. "ती ट्रकला धरत धरत मागं जाते आणि तिथं तिला दिसतात, आबा."

"मग मागच्याच," बाबा म्हणाले. "जुन्या ट्रकला ओढ मागच्या चाकांना असते. बरोबर केलं त्यानं." आणि वाकून त्यांनी तिच्या मागच्या टायरमधली हवा अंगठ्यानं दाबून बघितली.