स्कॉटलंड, पाऊस आणि आमच्या आईचे शेरे

स्कॉटलंडला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, वेदर ॲप बघून गाडीचा प्लॅन कॅन्सल करू नका. ताई-भावोजी ग्लासगोला असतात, मी आणि आई त्यांच्याकडे गेलो होतो, आणि फोर्ट विल्यम या डोंगराळ भागातल्या गावाला जायचं ठरलं त्याच दिवशी सकाळपासून रिपरिप सुरू. मी म्हटलं उद्या जाऊ. भावोजी म्हणाले, इथे उद्याची वाट बघणारे अजून घरातच बसलेत.

आपण मुंबईकर पावसाच्या बाबतीत जरा शिष्टच असतो ना. आणि आकडे बघितले तर हक्कही आहे, एडिनबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता! पण ते झालं पूर्वेकडचं एडिनबरा. आम्ही चाललो होतो पश्चिमेच्या डोंगरांकडे, तिथे अटलांटिकवरचे ढग येऊन आपटतात आणि काही ठिकाणी वर्षाला ३००० च्या वर पाऊस होतो, म्हणजे मुंबईपेक्षा जास्तच. फक्त आपला चार महिन्यांत सगळा हिशोब मिटवतो, तिथला बारा महिने हप्ते भरत बसतो. छत्री कोणाकडेच नाही, कारण वाऱ्यात ती उलटीच होते. सगळे रेनकोटात. बरोबरच आहे म्हणा, १८२३ मध्ये रबर लावलेल्या वॉटरप्रूफ कापडाचं पेटंट घेणारा चार्ल्स मॅकिंटॉश ग्लासगोचाच.

ए-८२ हा रस्ता ग्लासगोहून लॉक लोमंडच्या काठाकाठाने वर जातो. लॉक म्हणजे तळं, आणि पाण्याच्या पसाऱ्यात हे ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं. आम्हाला दिसला फक्त पांढरा पडदा, मग तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. पुढे रॅनॉक मूर लागतं, नुसतं ओसाड, दलदलीचं माळरान, झाड शोधावं लागतं. ओढ्यांचं पाणी चहासारखं तपकिरी, आईला वाटलं गटाराचं आहे, पण तो पीटचा रंग, कुजलेल्या शेवाळ-गवताच्या थरांतून पाणी झिरपत येतं त्याचा.

आणि मग ग्लेन्कोची दरी. इथे मात्र गाडी बाजूला घ्यायलाच लागते. थ्री सिस्टर्स म्हणून तीन कडे आहेत, ढग त्यांच्या कमरेपर्यंत उतरलेले आणि प्रत्येक घळीतून धबधबा, जुलैतला माळशेजच, फक्त डीजे आणि कणसंवाले वजा. उन्हात येणाऱ्यांना यातले निम्मे धबधबे दिसतच नसणार, म्हणून म्हणतो पावसातच जा. भावोजींनी तिथली गोष्ट सांगितली. राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला इथल्या मॅकडोनल्ड घराण्याच्या प्रमुखाला थोडा उशीर झाला, मग कॅम्पबेल या दुसऱ्या घराण्यातल्या एका कॅप्टनच्या हाताखाली सैनिक पाठवले, ते जवळजवळ दोन आठवडे याच लोकांच्या घरी पाहुणे म्हणून जेवलेखाल्ले आणि १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे यजमानांनाच मारलं. तीसेक माणसं तिथेच गेली, पळालेल्यांतली कितीतरी थंडीने. आई म्हणाली, “खाल्ल्या मिठाला जागले नाहीत मेले.” जवळच्या क्लॅकेग इनमध्ये अजून पाटी आहे, फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना मनाई. निम्मी पाटी आपल्या सोसायटीच्या गेटवरची!

ग्लेन्कोच्या अलीकडेच ग्लेन एटिव्हचा फाटा आहे, तिकडे जरा आत जाऊन आलो होतो. तो रस्ता एका गाडीपुरता. मध्ये मध्ये पासिंग प्लेस असतात, ती जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा हात वर करून थँक्यू म्हणतो. हॉर्न शून्य. मागच्याला घाई असेल तर त्यालाही तिथेच पुढे सोडायचं. आई प्रत्येक गाडीला हात करत होती, शेवटी मेंढ्यांनाही केला. आपलं लायसन्स टुरिस्ट म्हणून तिथे बारा महिने चालतं आणि ट्रॅफिकही डावीकडूनच, त्यामुळे चालवायला घाबरू नका, फक्त त्या अरुंद रस्त्यावर स्टाइल मारू नका.

फोर्ट विल्यमबद्दल फार काही नाही. फिश अँड चिप्स खाल्ले, आईला मीठ-मसाला कमी वाटला. १३४५ मीटरचा बेन नेविस, ब्रिटनचा सगळ्यात उंच डोंगर, गावाच्या अगदी डोक्यावर आहे म्हणे, आम्हाला त्याचा पायथासुद्धा नीट दिसला नाही. मग व्हिस्कीच्या डिस्टिलरीत गेलो. २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये ड्रायव्हरसाठी दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. त्यामुळे भावोजी नुसते वास घेत उभे. पण अशा ठिकाणी ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, घरी जाऊन घ्यायला. रात्री ती उघडली तेव्हा आईनेही एक चमचा घेतला, सर्दीवर औषध म्हणून, आणि पार्ल्यात कोणाला सांगायचं नाही असं मला बजावलंय.