तुम्ही विचारलंत म्हणून : लेखावर पोरं बोलती कशी होतात?

जिंतूर, गंगाखेड, उदगीर, किनवट. जिथं जिथं स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालते, तिथून कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतं. “ताई, आम्हीपण ग्रुपवर लेख टाकतो. अग्रलेख, ‘योजना’, ‘लोकराज्य’ ही सरकारी मासिकं, आर्थिक पाहणीतली पानं, काही म्हणून सोडत नाही. पण कुणी बोलत नाही. फार तर अंगठा येतो. तुमच्याकडची पोरं त्याच लेखांवर वाद घालतात, पानंच्या पानं लिहितात. हे कसं घडतं?” फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही. मध्येच कुणीतरी पुस्तक बदलायला येतं आणि बोलणं राहून जातं. म्हणून एकदा बैठक मारून लिहिते.

मी ग्रंथपाल आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे, माडीवर अभ्यासिका आहे आणि तिथं बसणाऱ्या पोरापोरींचा फोनवर एक ग्रुप आहे. काहीजण पुण्याला राहून आलेत. बऱ्याच जणांना पुण्याची खोली, मेस, क्लास हा खर्च झेपणाराच नाही. त्यांचा क्लास म्हणजे हा ग्रुप आणि रविवारी सकाळची बैठक.

सगळ्यात आधी, लेख कमी करा. दिवसाला सात-आठ लेख आले की पोरं वाचत नाहीत, साठवतात. फोनमध्ये ‘वाचायचंय’ नावाचा ढीग वाढत जातो आणि ढीग बघून अभ्यास झाल्यासारखं वाटतं. टाकणाऱ्यालाही काही केल्याचं समाधान मिळतं. आमच्याकडे आठवड्याला एकच लेख असतो. सोमवारी येतो, रविवारी त्यावर बोलणं होतं. मधल्या दिवसांत कुणालाही दुसरा लेख टाकायची मुभा नाही. यावर सुरुवातीला कुरकुर होते, होऊ द्या. (ई-पेपरच्या पीडीएफ फिरवणंही बंद करा. दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर तो. वाचनालयात अंक येतो, तिथं बसून वाचावा.)

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेख टाकणाऱ्यानं आधी स्वतः बोललं पाहिजे. नुसता लेख टाकणं म्हणजे ‘हे घ्या, वाचा’ असा हुकूम झाला. त्यावर पोरं काय बोलणार? हुकूम ऐकतात, नाहीतर टाळतात. आमच्याकडे ज्याचा लेख असेल त्यानं सोबत चार ओळी लिहायच्या: लेखकाचं म्हणणं काय, मला त्यातलं काय पटलं नाही, आणि मला न सुटलेला एक प्रश्न. ‘पटलं नाही’ ही ओळ सक्तीची आहे. ती लिहिताना पोराचा कस लागतो, कारण छापून आलेल्या माणसाचं आपल्याला पटलं नाही असं लिहायची सवय आपल्याकडे शाळेत कुणी लावत नाही. पण ती ओळ एकदा समोर आली की वाचणाऱ्याला धीर येतो. हा चुकला तर चुकू दे, मीपण चुकलो तर चालेल, एवढी मोकळीक चर्चेला पुरते.

प्रश्न कसा असावा यावर मी फार वेळ घालवते. ‘तुम्हाला काय वाटतं?’ हा प्रश्नच नाही, त्याला कुणी उत्तर देत नाही. ज्याचं उत्तर शोधायला लेखात पुन्हा शिरावं लागेल, आणि तरी ते पूर्ण लेखात सापडणार नाही, थोडं आपल्या गावातून आणावं लागेल, असा प्रश्न हवा.

एक उदाहरण नीट सांगते. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावरचा लेख होता. गोदावरी खोऱ्यातलं समन्यायी पाणीवाटप, २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, वाटपाचे नियम सुचवणारी मेंढेगिरी समिती, सगळं त्यात होतं. नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं. हा विषय आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्यावर सगळ्यांची मतं तयार असतात, आणि मत तयार असलं की वाचन बंद पडतं. लेख टाकणाऱ्या पोरीनं प्रश्न एवढाच विचारला: “हे ६५ टक्के कशाचे?”

दोन दिवस ग्रुपवर हेच चाललं. एकानं लिहिलं, धरणाची क्षमता १०२ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे ६६-६७ टीएमसी. दुसऱ्यानं विचारलं, मृतसाठा (तळाचा, वापरता न येणारा) धरून की सोडून? मग कुणीतरी आकडे काढले. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा २१७१. नियम उपयुक्त साठ्याला लागू होतो. एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर, त्यानं भागलं तर ६५ टक्के होतात जेमतेम ५० टीएमसी. म्हणजे पहिल्या उत्तरात आणि या उत्तरात तब्बल १७ टीएमसीचा फरक. सभेत, चहाच्या टपरीवर, टीव्हीवर जो आकडा बिनधास्त फेकला जातो, त्यात १७ टीएमसी कुठल्या कुठं जातात! ती पोरं त्या दिवसापासून ‘टक्के’ दिसले की ‘कशाचे’ विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत. हे मला कुठल्याही पाठांतरापेक्षा मोठं वाटतं.

पण खरी चर्चा रविवारी झाली. ‘वरचे लोक आपलं पाणी अडवतात’ हे सगळ्यांचं ठरलेलं होतं. तेवढ्यात वैजापूरकडचा एक मुलगा, इथं बहिणीकडे राहून अभ्यास करणारा, म्हणाला, “आम्ही मराठवाड्याचेच, पण आमचं गाव धरणाच्या वरच्या अंगाला. आमच्याकडं नांदूर-मधमेश्वरच्या कालव्यानं पाणी येतं. वरचं पाणी खाली सोडा म्हणता, त्यात आमचा हिशोब कसा धरणार?” सगळे गप्प. मग मानवतकडची एक पोर बोलली. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणला हेड, आणि आम्ही शेपटाला. “धरण भरलं म्हणून आमच्या टेलला पाणी येतं असं कुठाय? मधलेच ओढून घेतात. मंग नाशिकवाल्यांना नावं ठेवायची आन् आपल्याच कालव्यावर तेच करायचं, हे कसं काय?”

त्या लेखात हे दोन्ही मुद्दे नव्हते. लेख उत्तम होता, तरी नव्हते. ते या पोरांच्या शिवारात होते. मी काही बोलले नाही, फळ्यावर फक्त गोदावरी काढली: वर नाशिक, मग नांदूर-मधमेश्वर, मग पैठण, तिथून कालव्यानं आपण. ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे नातं त्या रेघेवर प्रत्येक ठिकाणी आहे हे पोरांनीच दाखवलं. नंतर त्यांनी जी उत्तरं लिहिली, त्यांत ‘अन्याय’ हा शब्द कमी आणि ‘मोजणी’, ‘वेळापत्रक’, ‘पाणी वापर संस्था’ हे शब्द जास्त होते. मराठवाड्यावर अन्याय झालाय हे मी मानते. म्हणूनच तो मांडणारी माणसं आकड्यानं आणि पुराव्यानं बोलणारी हवीत असं मला पोटतिडकीनं वाटतं.

पालक विचारतात, या वादावादीचा परीक्षेला काय उपयोग? त्यांचं चुकत नाही, घरचे पैसे लागलेले असतात. त्यांना मी परीक्षेचाच हिशोब दाखवते. २०१२ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतेक पर्यायी उत्तरांची होती. लोकसेवा आयोगानं वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं, पुण्यात पोरं रस्त्यावर आली, आणि २०२३ ऐवजी ती २०२५ पासून लागू झाली. आता निबंध २५० गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५०. झाले १७५० गुण, वर मुलाखत २७५. मुख्य परीक्षेत गोल काळे करायचे दिवस संपले. ‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’ असं आलं की एकाच बाजूचं लिहून भागत नाही. दुसरी बाजू पाठ करून येत नाही. समोर बसलेल्या वैजापूरच्या पोरानं ती तोंडावर मारावी लागते, मग ती कायमची लक्षात राहते. मुलाखतीत तर जिल्ह्यावरूनच प्रश्न निघतात.

आता न बोलणाऱ्यांबद्दल. प्रत्येक ग्रुपमध्ये चार-पाच तोंडाळ असतात आणि बाकीचे वाचत बसतात. पोरी तर फारच कमी लिहितात, कारण नंबर सगळ्यांना दिसतो, कुणी वेडंवाकडं उत्तर दिलं तर काय, ही भीती खरी असते. म्हणून आमच्याकडे प्रत्येकानं शनिवारी संध्याकाळपर्यंत अर्ध्या पानात हातानं लिहून माझ्याकडे द्यायचं. ग्रुपवर टाकायची सक्ती नाही. रविवारी मी त्या पानांतूनच सुरुवात करते, आणि जे ग्रुपवर कधी बोलत नाहीत त्यांच्यापासून.

असंच एकदा ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावरच्या लेखावर एका अबोल मुलाचं पान आलं. त्याचे आई-बाप दरवर्षी दिवाळीच्या आसपास कारखान्याला जातात, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला देतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल बापाच्या हाती पडते, टनाचा हिशोब बापाच्या नावावर लागतो. आई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण हिशोबाच्या वहीत ती वेगळी कुठंच नाही. ‘लेखात महिला कामगारांची आकडेवारी मिळत नाही असं म्हटलंय, ती मिळणार कुठून?’ हे त्याचं शेवटचं वाक्य. त्याची परवानगी घेऊन मी ते वाचून दाखवलं. नाव सांगितलं नाही. बैठक संपायच्या आत त्यानं स्वतःच सांगितलं आणि त्यानंतर तासभर तोच बोलत होता. उसाच्या फडात कोण काय काम करतं, खोपी कशाची असते, लहान भावंडांची शाळा कुठं सुटते. धोरणाचा असा तज्ज्ञ आपल्याच अभ्यासिकेत मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला विचारायला हवं.

तापणाऱ्या विषयांचं काय, असंही विचारता. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आला, तेव्हा गावागावांत वातावरण कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे एकाच टेबलावर मराठ्याचा आणि ओबीसीतला मुलगा शेजारी बसतो, एकाच डब्यात जेवतो. माझं मत स्पष्ट आहे: असे विषय टाळू नयेत, पण ते फोनवर कधीही घेऊ नयेत. रात्री अकराला लिहिलेल्या ओळीला चेहरा नसतो. त्या आठवड्यात ग्रुपवर या विषयाला बंदी घातली आणि रविवारी शासन निर्णयाच्या छापील प्रती सगळ्यांच्या हातात दिल्या. कुणी काही म्हणालं की दुसऱ्यानं एवढंच म्हणायचं, “यातली ओळ दाखव.” आवाज चढले, एकदा खुर्चीही सरकली. पण निर्णय प्रत्यक्षात काय म्हणतो आणि त्याबद्दल लोक काय म्हणतात, यातलं अंतर दोन्ही बाजूंच्या पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडे वातावरण फारच तापलेलं असेल तर पंधरा दिवस थांबा, पण विषय सोडू नका. उद्या यातलाच कुणीतरी उपविभागीय अधिकारी होऊन असल्याच अर्जांवर सही करणार आहे.

वादाच्या शेवटी लिहिणं आलंच पाहिजे. बैठक संपली की त्याच विषयावर २५० शब्दांचं उत्तर, वेळ लावून. वह्या अदलाबदल करून पोरंच तपासतात, आणि तपासणाऱ्यानं गुण द्यायचे नाहीत, फक्त दोन गोष्टी लिहायच्या: कुठला मुद्दा मला नवा मिळाला, आणि कुठल्या वाक्याला पुरावा नाही. ज्याचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पुढचा लेख त्यानं निवडायचा.

येत्या रविवारचा लेख राज्यघटनेतल्या अनुच्छेद ३७१(२) वर, म्हणजे विकास मंडळांच्या तरतुदीवर आहे. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये स्थापन झालं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. निवडणाऱ्या पोराचा न सुटलेला प्रश्न असा: मंडळ आज असतं, तर आपल्या तालुक्यातलं कुठलं एक काम आमदाराच्या हातून होत नाही पण मंडळाकडून झालं असतं? तुमच्या अभ्यासिकेतही हाच प्रश्न घ्या. अर्धं पान, हातानं लिहिलेलं, आणि उत्तर तालुक्याचं नाव घेऊन द्यायचं. पानं माझ्याकडे पाठवा. आमची पोरं तपासतील, आणि आमची पानं तुमच्याकडे तपासायला येतील.