कूलर राहू दे ना, मामा

"मामा, बंद नको करू. शांत झालं की मला सगळंच ऐकू येतं."

भाचा वहीतून मान वर न करता बोलला. भुसावळात संध्याकाळी बरी हवा होती, कूलरमध्ये पाणीही नव्हतं. नुसता पंखा घरघरत होता. एका बाजूची जाळी ढिली, तिची मधूनच खडखड. आतून आजी ओरडली, "लाइट बिल कोन भरी रे भो?" पण गणितं सुटत होती, हे खरं.

त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं मेंदूलाच अवघड जातं. "सगळंच" म्हणजे काय ते मग त्यानेच सांगितलं: शेजारची शिट्टी, यार्डातलं शंटिंग, आजीच्या बांगड्या. कूलरच्या एकसुरी आवाजात हे सगळं बुडून जातं.

हे काही त्याचं खूळ नाही. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. असा सलग आवाज चालू असताना एडीएचडी असलेल्या मुलांची कामगिरी सुधारली, नसलेल्यांची उलट घसरली. अशा मेंदूला जागं राहायला बाहेरून थोडी ढोसणी लागते, असा त्यांचा तर्क. नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण बेताचाच. औषधांची जागा कूलर घेत नाही, हेही सांगून ठेवतो.

आपल्याकडे मात्र अभ्यास म्हणजे पिन ड्रॉप सायलेन्स! वर्गात पाय हलवला तरी डस्टर आपटतं.

भाची तोवर कानात कापूस घालून गच्चीवर गेली होती. तिला तोच आवाज सहन होत नाही. एकाच खोलीत अशी दोन मुलं असतील, तर तुम्ही कसं जमवता?